बेटांवरून बांबूचा अंदाज: प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, एका गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात बांबूची मोजणी सुरू करतोय. ग्रामसभेला एकच गोष्ट हवी आहे: पुढच्या लिलावाआधी तोडण्याजोगे बांबू किती, याचा स्वतःचा आकडा. आतापर्यंत खरेदीदाराचा माणूस जंगलात फिरायचा आणि तोच आकडा सांगायचा. भाव ठरवताना त्याच्याकडे माहिती असते आणि गावाकडे नसते. हे बदलायचं आहे.

याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून आसपासची गावं आपापला बांबू विकू लागली. विकण्याचा हक्क आहे, तर मोजण्याचं कसबही गावातच असायला हवं, अशी माझी ठाम भूमिका आहे.

आज ग्रामसभेच्या समितीबरोबर पहिली फेरी झाली. मानवेल जास्त, नाल्याच्या काठाने थोडा कटांग (दोन्ही बांबूच्याच जाती). एका वयस्क काकांनी विचारलं, "भाऊ, जंगल तर आमी रोजच पाहतो. मोजाले काऊन लागते?" प्रश्न रास्त आहे. बांबू कुठे दाट आणि कुठे विरळ, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांना हवी आहे ती बेरीज, आणि त्या बेरजेवर किती विसंबायचं याचा अंदाज.

९ नोव्हेंबर

अडचण कामाच्या वेगाची आहे. मानवेलचं बेट, म्हणजे एकत्र वाढलेल्या काठ्यांचा झुबका, दाट असतं. आतल्या काठ्या एकमेकींत अडकलेल्या, वाकलेल्या, काही तुटून पडलेल्या. एका मोठ्या बेटातले बांबू वयानुसार मोजायला बराच वेळ जातो. उलट, जंगलात आखलेल्या एका तुकड्यात, म्हणजे प्लॉटमध्ये, बेटं किती हे दोन माणसं झपाट्याने मोजून मोकळी होतात.

म्हणून पद्धत ठरली ती गुणोत्तराची. खूप प्लॉटमध्ये फक्त बेटं मोजायची (x). त्यांपैकी थोड्या प्लॉटमध्ये बेटंही मोजायची आणि तोडण्याजोगे बांबूही (y). थोड्या प्लॉटमधून दर बेटामागे किती बांबू हे गुणोत्तर काढायचं, आणि ते सगळ्या जंगलातल्या बेटांना लावायचं. सांख्यिकीत याला दोन टप्प्यांची नमुना निवड आणि गुणोत्तर आकलक (अंदाज काढण्याचं सूत्र) म्हणतात.

नमुना असा टाकलाय: क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाच्या हद्दीवर चौकटीची जाळी घातली, तिचा आरंभबिंदू यादृच्छिक घेतला. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर ०.१ हेक्टरचा चौकोनी प्लॉट. दुसऱ्या टप्प्यासाठी त्यांतले ठरावीक अंतराने येणारे प्लॉट निवडले, तिथेही सुरुवात चिठ्ठी टाकून. चिठ्ठी गावातल्याच एका मुलीने उचलली. निवड कुणाच्या मर्जीने झालेली नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

१२ नोव्हेंबर

प्लॉट आखण्याचा सराव. मध्यबिंदूवर खुंटी, तिथून चारही कोपऱ्यांकडे २२.३६ मीटर. हे अंतर सपाटीवरचं. उतारावर टेप जमिनीलगत धरली तर प्लॉट नकळत लहान होतो. उतार २० अंशांचा असेल तर टेपवर २३.८ मीटर घ्यावं लागतं. हे तक्त्याच्या रूपात कागदावर छापून प्रत्येक गटाला दिलं.

मोजलेल्या बेटाला चुन्याचा ठिपका. दुसऱ्यांदा मोजणी टाळायला याहून सोपं काही नाही.

आजचा बराचसा वेळ एका प्रश्नावर गेला, आणि तो जावा असाच प्रश्न आहे: एक बेट म्हणजे काय? जुनी बेटं पसरून शेजारच्या बेटाला भिडतात. मधला भाग तोडला गेला की एकाचे दोन दिसतात. एका गटाने जिथे पाच मोजली तिथे दुसऱ्याने आठ. शेवटी सगळ्यांनी मिळून नियम केला. बुंध्यांच्या दोन झुबक्यांमध्ये एक मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर दोन बेटं, नाहीतर एक. बेट हद्दीच्या दोरावर आलं तर त्याचे निम्म्याहून जास्त बुंधे आत असतील तरच मोजायचं. आत धरलेल्या बेटाचे सगळे बांबू मोजायचे, बाहेर धरलेल्याचा एकही नाही.

एक मीटरऐवजी दीड मीटर ठरवलं असतं तरी बिघडलं नसतं. बिघडतं ते पहिल्या टप्प्यात एक नियम आणि दुसऱ्यात दुसरा असला तर. पहिल्या टप्प्यातल्या गटाने बेटं सढळ हाताने मोजली आणि दुसऱ्यातल्याने आखडून, तर गुणोत्तर फुगतं, ते फुगलेल्या बेटसंख्येला लागतं, आणि चूक दोन्हीकडून एकाच दिशेने वाढत जाते. असली चूक कुठल्याही सूत्राला दिसत नाही. प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप) छान लहान येते आणि आकडा साफ चुकीचा असतो. म्हणून दोन्ही टप्प्यांत माणसं आलटून पालटून घेणार.

१५ नोव्हेंबर

वय ओळखण्याचा दिवस. इथे शिकवणारे गावकरी, शिकणारा मी. यंदाच्या बांबूवर खपल्याचं आवरण अजून चिकटलेलं असतं, पेरांवर पांढरी भुकटी. दुसऱ्या वर्षी आवरण गळतं, रंग हिरवागार. तिसऱ्या वर्षापासून हिरवा मळकट होतो, राखाडी डाग पडू लागतात. शंका आली तर कोयत्याच्या मुठीने ठोकून आवाज ऐकतात. तीन वर्षांवरचे आणि सरळ तेवढेच y मध्ये. कोवळे राखायचेच असतात, नाहीतर बेट खचतं आणि पुढच्या पावसात वास्ते (नवे कोंब) कमी फुटतात.

धानाची कापणी जोरात आहे. माणसं दुपारनंतरच मोकळी होतात.

२२ नोव्हेंबर

मतदानामुळे दोन दिवस काम बंद होतं. आज संध्याकाळी गोटूलमध्ये (गावाच्या एकत्र जमण्याच्या घरात) फळा लावून हिशेब समजावला. जंगलातले आकडे वापरले नाहीत. सरावासाठी मनानेच आठ प्लॉट रचले, बेटं आणि त्यापुढे बांबू:

४ बेटं, ३१ बांबू
९ बेटं, ५० बांबू
६ बेटं, २८ बांबू
१२ बेटं, ८६ बांबू
२ बेटं, ७ बांबू
७ बेटं, ५२ बांबू
१० बेटं, ५५ बांबू
५ बेटं, २१ बांबू

बेटं ५५, बांबू ३३०. दर बेटामागे ६. इथपर्यंत सगळे बरोबर होते.

मग बारावीतल्या एका मुलाने दुसरी वाट काढली. प्रत्येक प्लॉटचं गुणोत्तर वेगळं काढलं (३१ भागिले ४, ५० भागिले ९ असं) आणि त्या आठांची सरासरी घेतली. उत्तर आलं ५.७२. "सर, दोन्ही सरासरीच आहेत ना? मग फरक कसा?"

या प्रश्नावर तासभर थांबलो. त्याच्या पद्धतीत २ बेटांच्या प्लॉटला आणि १२ बेटांच्या प्लॉटला सारखंच वजन मिळतं. विकायचे आहेत ते सगळे बांबू, आणि बरेचसे बांबू मोठ्या प्लॉटमध्ये आहेत. जंगलात १०,००० बेटं असली तर एका हिशेबाने ६०,००० बांबू, दुसऱ्याने ५७,२०९. जवळपास २,८०० बांबूंचा फरक, तोही एकही झाड जास्तीचं न मोजता.

त्याच्या पद्धतीचा आणखी एक दोष आमच्या जंगलात लगेच उघडा पडतो. कित्येक प्लॉटमध्ये बांबूच नाही. शून्य बांबू भागिले शून्य बेटं, याला अर्थ नाही. असे प्लॉट सरासरीतून गळतात. बेरजेला बेरजेने भागलं तर ते आपोआप सामावले जातात.

सांख्यिकीचं कारण असं. प्लॉटमधली बेटं वाढतील तशी बांबूंची अनिश्चितताही (म्हणजे प्रचरण, अपेक्षेपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) त्याच प्रमाणात वाढत असेल, तर बेरजांचं गुणोत्तर हे सर्वांत काटेकोर. अनिश्चितता बेटांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल, तर गुणोत्तरांची सरासरी बरी. मोजणीच्या कामात बहुतेक वेळा पहिली स्थिती जवळची असते. मुलाला हे दोन्ही सांगितलं. त्याचा प्रश्न पूर्ण उत्तराला पात्र होता.

२५ नोव्हेंबर

तोच फळा, पुढचा भाग: एवढा खटाटोप करून मिळतं काय?

बेटांकडे न बघता नुसत्या बांबूंची सरासरी घेतली तर दर प्लॉट ४१.२५, आणि तिची प्रमाण त्रुटी ८.७१. म्हणजे २१ टक्के. आता गुणोत्तर घ्या. प्रत्येक प्लॉटमध्ये "बेटं गुणिले ६" इतके बांबू अपेक्षित, आणि प्रत्यक्षातला फरक लिहा: ७, −४, −८, १४, −५, १०, −५, −९. बेरीज शून्य. वर्गांची बेरीज ५५६, भागिले ७ म्हणजे ७९.४. त्यावरून प्रमाण त्रुटी ३.१५, म्हणजे ७.६ टक्के. इतकाच काटेकोरपणा साध्या सरासरीने हवा असता तर आठऐवजी साठेक प्लॉटमध्ये बांबू मोजावे लागले असते.

पण ३.१५ हा आकडा जंगलातल्या बेटांची एकूण संख्या नेमकी माहीत असेल तरच खरा. आमच्याकडे तीही नमुन्यातूनच येणार. समजा ८० प्लॉटमध्ये बेटं मोजली आणि त्यांतल्या ८ मध्ये बांबू. मग प्रचरणाचे दोन तुकडे होतात. एकूण प्रचरण ६०६.८ भागिले ८० म्हणजे ७.६. आणि ७९.४ गुणिले (१/८ वजा १/८०) म्हणजे ८.९. बेरीज १६.५, तिचं वर्गमूळ ४.०६. जवळपास दहा टक्के.

मला हा तुकडा फार महत्त्वाचा वाटतो. कित्येक अहवालांत पहिल्या टप्प्याची त्रुटी विसरून फक्त ३.१५ छापलेली असते आणि वाचणारा फसतो. गावाला दहा टक्के सांगायचं तर दहाच सांगायचं.

गुणोत्तराने नेहमीच फायदा होतो असंही नाही. x आणि y यांचा सहसंबंध, x चा चलनगुणांक (प्रमाण विचलन भागिले सरासरी) भागिले y चा चलनगुणांक याच्या निम्म्याहून जास्त असायला हवा. आमच्या सरावात सहसंबंध ०.९४ आणि हद्द ०.४०, म्हणून प्रश्न नव्हता.

२८ नोव्हेंबर

जंगलात दिवसभर. पाच प्लॉट. एक बिंदू खडकाळ घळीच्या तोंडाशी आला. गटातल्या एकाने सुचवलं, "थोडा इकडे पायवाटेजवळ घेऊ ना जी." घेतला नाही. वळसा घालून गेलो. दोन बेटं निघाली, दोन्ही बारीक.

पायवाटेजवळच्या बेटांतून लोक घरकामाला, कुंपणाला बांबू नेतात. तिथलं गुणोत्तर वेगळं असणारच. सोयीचा प्लॉट निवडला तर तीच सोय शेवटच्या आकड्यात शिरते.

गुणोत्तराच्या या पद्धतीचा इतिहास सांगताना फ्रेंच गणिती लाप्लास आठवतो. १८०२ मध्ये फ्रान्सची लोकसंख्या काढायला त्याने ३० विभागांतली काही गावं-शहरं घेतली. तिथली लोकसंख्या २०,३७,६१५ आणि तीन वर्षांतले जन्म २,१५,५९९. म्हणजे वर्षाला एका जन्मामागे २८.३५ माणसं. देशातल्या वार्षिक जन्मांना हा आकडा गुणला की लोकसंख्या. त्रुटी किती असेल याचाही हिशेब त्याने केला, आणि त्या काळी हे फार मोठं पाऊल होतं. पण गावं निवडली होती ती जिथले नगराध्यक्ष हुशार आणि उत्साही होते अशी. म्हणजे पायवाटेजवळचीच.

शेतीच्या उत्पादनाचे अंदाज नजरेने न बांधता यादृच्छिक निवडलेल्या शेतांत पीककापणी करून काढायचे, यासाठी १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत झटलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. गटातल्या मुलांना हे सांगितलं, कारण हे ज्ञान कुठल्या तरी दूरच्या शहरात जन्मतं असं त्यांना वाटू नये.

३ डिसेंबर

हद्दीवरचे प्लॉट. काही बिंदूंचा थोडाच भाग गावाच्या हद्दीत येतो, उरलेला शेजारच्या गावात किंवा शेतात. असे प्लॉट टाकून दिले तर हद्दीलगतचं जंगल नमुन्यातून कमी होतं, आणि आत सरकवले तर आतलं जंगल दोनदा येतं. आम्ही आतला तेवढाच तुकडा मोजतो आणि त्याचं क्षेत्रफळ लिहून ठेवतो.

मग पहिल्या टप्प्यातही गुणोत्तरच लागतं: सगळी बेटं भागिले सगळं मोजलेलं क्षेत्र. म्हणजे शेवटचा हिशेब असा: जंगलाचं क्षेत्र, गुणिले दर हेक्टरी बेटं, गुणिले दर बेटामागे बांबू. पहिली संख्या नकाशातून, बाकी दोन्ही गुणोत्तरं.

जीपीएस झाडीखाली पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं. हद्दीवर सीमेचे दगड शोधून त्यांवर विसंबतोय.

१० डिसेंबर

नाल्याकाठ आणि वरचा उतार यांचा प्रश्न. नाल्याकाठची बेटं जाड, दर बेटामागे बांबू स्पष्ट जास्त. उतारावर बेटं पुष्कळ पण कृश. दोन्हींना एकच गुणोत्तर लावायचं का?

दोन मार्ग आहेत. प्रत्येक भागाचं, म्हणजे स्तराचं, स्वतंत्र गुणोत्तर काढून बेरीज करायची, किंवा दोन्ही स्तरांच्या भारित बेरजांतून एकच संयुक्त गुणोत्तर. गुणोत्तरं खरोखर वेगळी असतील तर स्वतंत्र बरं. पण गुणोत्तर आकलकात थोडी अभिनती असते, म्हणजे तो सरासरीनेही खऱ्या उत्तरापासून किंचित सरकलेला असतो. प्लॉट वाढले की ती त्याच प्रमाणात घटते. फळ्यावरच्या आठ प्लॉटमध्ये ती ६ वर साधारण ०.०३ येते. गुणोत्तराची प्रमाण त्रुटी ०.४६, म्हणून दुर्लक्ष चालतं. मात्र बरेच स्तर असले, प्रत्येकात दोन-तीनच प्लॉट असले आणि प्रत्येकाची अभिनती एकाच दिशेला असली, तर ती साचत जाते.

आमचे स्तर दोनच आहेत आणि उतारावर पुरेसे प्लॉट आहेत. नाल्याकाठी कमी पडत होते. तिथे दुसऱ्या टप्प्याचे प्लॉट वाढवायचे आणि स्वतंत्र गुणोत्तर वापरायचं, असं ठरलं. वाढीव प्लॉटही पुन्हा चिठ्ठीनेच. कटांगचा हिशेब पूर्ण वेगळा ठेवलाय. त्याची बेटं प्रचंड आणि काटेरी, मानवेलच्या गुणोत्तराशी त्यांचा काही संबंध नाही.

शेजारच्या एका गावाने विचारलं, तुमचं गुणोत्तर आम्हालाही चालेल का? नाही चालणार. तोड कधी झाली, गुरं किती चरतात, आग लागली का, यावर ते अवलंबून असतं. फुलोरा आला तर फुललेली बेटं वाळून जातात आणि गुणोत्तर पार कोसळतं. पद्धत न्या, फळा न्या, दोर-खुंट्या न्या. आकडा तुमच्याच जंगलातून काढा.

१७ डिसेंबर

मोजणी संपली. आलेख काढला, आडवी बेटं, उभे बांबू. पहिली तपासणी: रेषा शून्यातून जाते का? बेट नाही तिथे बांबू नाही, म्हणून जायलाच हवी. पण लहान आकड्यांशी ती वाकत असेल तर गुणोत्तराऐवजी समाश्रयणाची (शून्यातून जाण्याची अट न घालता रेषा बसवण्याची) पद्धत घ्यावी लागते. उतारावरचे ठिपके सरळ आहेत. नाल्याकाठचे दोन प्लॉट रेषेच्या बरेच वर. कागद तपासले, जागेवर जाऊन पाहिलं. मोजणी बरोबर आहे, तिथे बरीच वर्षं तोड झालेली नाही. दोन्ही प्लॉट ठेवले. रेषेवर बसत नाही म्हणून खरा प्लॉट काढून टाकणं म्हणजे जंगलाचा तो भाग नाही असं म्हणणं.

२४ डिसेंबर

ग्रामसभा. बायकांची उपस्थिती चांगली. आकडा इथे लिहीत नाही. तो गावाचा आहे आणि लिलाव व्हायचा आहे.

तीन संख्या मांडल्या: मधला अंदाज, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन प्रमाण त्रुटी. एका ताईंनी विचारलं, "मग कागदावर कोणता लिहायचा?" चर्चा लांबली. काहींचं म्हणणं मधला लिहावा, भाव चांगला येईल. काहींना भीती की कबूल केलेला माल निघाला नाही तर कोवळे बांबू तोडून भरपाई करावी लागेल. शेवटी ठराव झाला: करारात खालची हद्द लिहायची, त्याहून जास्त निघालेला माल त्याच दराने पण वेगळ्या मोजणीवर. मला हा निर्णय पटला. कोवळी काठी वाचते ती याच ठिकाणी.

६ जानेवारी २०२५

तोड सुरू झाली की नाल्याकाठचा आणि उताराचा माल वेगवेगळ्या थप्प्यांत लावायचा, असं मजुरांच्या टोळ्यांशी बोलून ठरवलं. प्रत्येक थप्पीची नोंद वहीत: तारीख, भाग, बांबू, तोडलेली बेटं. म्हणजे तोडीच्या शेवटी दोन्ही भागांची खरी गुणोत्तरं हाती येतील आणि आमच्या अंदाजाशी ताडून पाहता येतील. वही सांभाळायचं काम त्या बारावीतल्या मुलाने आणि चिठ्ठी उचलणाऱ्या मुलीने घेतलंय. वहीचे रकाने आज आखून दिले. तोडलेल्या बेटांच्या रकान्यात एक मीटरचा नियम वर लिहून ठेवलाय.